उजवीकडचं मैदान

आणि मग होल्गर म्हणाला, "विभा, आता तुझी पाळी. पण आधी एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नकोस. उन्हाळ्यात तुम्ही सगळे पुण्याला परत जाणार, असं शिरीष म्हणाला. मग तुला मैदान हवंय का अजून?"

पावाला लोणी लावू का, असं विचारावं इतक्या सरळपणे त्यानं विचारलं. लॅपटॉपच्या पडद्यावर आठ चौकोन होते, सातांत पुरुष आणि आठव्यात ती स्वतः, आणि विभावरीचं लक्ष नेमकं त्या आठव्या चेहऱ्याकडे गेलं. तो चेहरा हसत होता. थोबाडीत बसली तरी आधी हसायचं, मग गाल चोळायचा, हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण शिकवणी पक्की झाली होती. पुण्याला परत जाणार. तिच्या नवऱ्यानं ठरवलं, ऑफिसातल्या कॉफी मशीनजवळ एका जर्मन माणसाला सांगितलं, आणि तो जर्मन माणूस आता तिला सांगत होता, शनिवारी दुपारी, जर्मनीत, वाल्डॉर्फमधल्या तिच्याच बेडरूममध्ये, सहा साक्षीदारांसमोर. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात, महिनाभर राहायला पुण्याहून आलेल्या सासूबाई, शोभनाबाई, काहीतरी किसत होत्या. किसणीचा आवाज एका लयीत येत होता. म्हणजे त्यांनाही माहीत असणार. म्हणजे या घरात तिच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं, आणि फ्रिजला विचारलं असतं तर कदाचित त्यानंही सांगितलं असतं.

"आल्झो," होल्गर म्हणाला, "घाई नाही. पण मैदान घेतलंस तर तीन सीझन. नियम तुला माहीत आहे. फेअरबिंडलिश. तू जाणार असशील तर तुझ्या जागी घ्यायला मी एकाला विचारून ठेवलंय."

विचारून ठेवलंय! बरोबरच होतं त्याचं. इथं माणूस तोंडानं बोलला की ते फेअरबिंडलिश, बांधील असतं, कागदाची वाट कुणी बघत नाही. शिरीषला बारा वर्षांत हे कळलं नव्हतं. त्याच्या लेखी कॉफी मशीन म्हणजे सदाशिव पेठेतला कट्टा होता, तिथं काहीही बोलावं, वाऱ्यावर सोडावं, उद्या विचारलं तर 'अरे, मी आपलं सहज म्हणालो' म्हणावं. होल्गरनं ते सहज डोक्यात नोंदवलं, आणि त्यावर काम सुरू केलं.

लीग म्हणजे तसा पोरखेळच. ऑफिसातल्या आठ जणांनी कॉम्प्युटरवर बेसबॉलचे आठ संघ चालवायचे. अमेरिकेतले खरे खेळाडू पाळीपाळीनं निवडून घ्यायचे, त्यांच्या खऱ्या आकड्यांवरून कॉम्प्युटर सामने खेळवतो, आणि आठवड्याला होल्गर निकाल पाठवतो. पण खेळाडूंच्या आधी निवडायचं असतं घरचं मैदान. बेसबॉलची मैदानं टेनिसच्या कोर्टासारखी एकाच साच्यातली नसतात, कुठं डावी भिंत हाताला लागेल इतकी जवळ, कुठं उजवा कोपरा पार मुलुखाबाहेर. निम्मे सामने तुमच्या मैदानावर होणार, म्हणून मैदान जसं तसा संघ. मैदान चुकलं की तीन वर्षं बोंबला. विभावरीला या लीगमध्ये कुणी आमंत्रण देऊन बोलावलं नव्हतं. कॅन्टीनमध्ये होल्गर आणि येन्स तावातावानं भांडत होते, आणि शेजारच्या टेबलावरून ती म्हणाली होती की तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला तर बॅटरला पहिल्या बेसकडे पळता येतं. दोघं तिच्याकडे बघत राहिले. टेस्टिंगमधली ही साडेपाच फुटी भारतीय बाई, हिला क्रिकेट तरी कळत असेल का, अशी ती नजर. तिनं सांगितलं, मी अमरावतीची, आमच्याकडे मुली सॉफ्टबॉल खेळतात. येन्सनं अमरावती नकाशात शोधली. नागपूरपासून किती लांब ते मोजलं. त्याला नागपूरही माहीत नव्हतं, पण मोजलं.

"मी माइक बंद करते," विभावरी म्हणाली. होल्गर म्हणाला, कर, आम्ही तेवढ्यात कॉफी घेतो. एकेक चौकोन रिकामा झाला, मागे राहिल्या खुर्च्या, पुस्तकांची कपाटं, येन्सची मांजर. तिनं हाक मारली. शिरीष आला तो दारातच थांबला, एक पाय आत, एक बाहेर. लग्नाच्या सोळा वर्षांत तो तिच्या प्रत्येक प्रश्नाला असाच सामोरा गेला होता, निम्मा आत, निम्मा बाहेर.

"होल्गरला काय सांगितलंस तू?"

"कशाबद्दल?"

"पुण्याबद्दल."

"अगं, ते होय! सहज विषय निघाला. तो विचारत होता, उन्हाळ्यात सुट्टी कुठे."

"सुट्टी म्हणजे कायमचं परत जाणं होय?"

"हळू बोल. आई आहे आत." त्यानं दार लोटून घेतलं, पण पुरतं लावलं नाही. "हे बघ, ठरल्यात जमा आहे सगळं. सोमवारी मी कंपनीच्या पुण्याच्या सेंटरला होकार कळवतोय. आईचं वय बघ. तिची किती इच्छा आहे, आपण जवळ असावं अशी. आणि दिवाळीत पुण्यात मी विषय काढला तेव्हा तू काही नाही म्हणाली नाहीस."

"मी काहीच म्हणाले नव्हते."

"तेच सांगतोय मी."

 तो खोटं बोलत नव्हता, हीच तर आफत होती. त्याच्या घरात ती पद्धतच होती. सुनेनं पानावर बसून मान खाली घातली, वरणभात कालवला, वर बघितलं नाही, की ठराव पास. फ्लॅट पास, मुलीचं नाव पास, सासऱ्यांच्या वर्षश्राद्धासाठी तिची रजा पास. तिलाही या पद्धतीचा राग यायला हवा होता तेव्हा आला नव्हता. उलट वाटलं होतं, बरं आहे, भांडण नाही, तंटा नाही, सुसंस्कृत माणसं. तिच्या माहेरी माणसं ओरडायची. ताट आपटायची. 'मले नाही जमत' असं छातीवर हात मारून सांगायची. लग्नानंतर वर्षभरात तिनं ते 'मले' जिभेवरून खरवडून काढलं होतं, कारण पुण्यात ते ऐकलं की लोक कौतुकानं हसत, आणि कौतुकाचं हसणं अंगाला कुसळासारखं टोचतं. मग तिनं शुद्ध बोलायला सुरुवात केली. आणि शुद्ध बोलता बोलता ती गप्प झाली.

"अन्वीला विचारलंस?"

"ती काय, जर्मनमध्ये 'नाईन', नाही, एवढंच म्हणाली आणि पोहायला गेली. तेरा वर्षांच्या मुलीला विचारून घर चालवायचं का?" मग त्यानं आवाज मऊ केला. त्याचा मऊ आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता. "विभा, त्या खेळासाठी सीन नको करू प्लीज. आठ माणसं कॉम्प्युटरवर बसून खोटी मॅच बघणार. सांग त्यांना, नाही जमणार म्हणून. समजूतदार आहेत ते."

तो गेला. दार तसंच अर्धवट. किसणी पुन्हा सुरू झाली. मधे थांबली होती हे विभावरीला आत्ता कळलं.

खोटी मॅच. खरंय. पण पडद्यावर तिच्यासमोर उरलेल्या मैदानांचे नकाशे होते, आणि त्यात अजून बॉस्टन होतं. डावीकडे उंच हिरवी भिंत, पण इतकी जवळ की उजव्या हाताच्या बॅटरनं नुसता झोडला तरी चेंडू भिंतीवर जाऊन आदळावा. तिच्या आधी तिघांनी निवडलं आणि तिघांनीही ते सोडलं, हिशोबी माणसं, त्यांचे काहीतरी तक्ते होते. महिनाभर तिच्या मनात हेच मैदान होतं. तिनं दुसऱ्या कुठल्या मैदानाकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं. डावीकडे मारायचं. विभा डावीकडे मारते. हे तिला तिचं नाव माहीत असावं तसं माहीत होतं.

आणि आता पहिल्यांदाच तिला प्रश्न पडला, का? काऊन बे? मनातला आवाज वऱ्हाडी होता, पंधरा वर्षांत ऐकला नव्हता तो. काऊन डावीकडेच? जन्माला येताना काही असं लिहून आलं नव्हतं. शाळेचं मैदान होतं अमरावतीला, कडुलिंबांच्या रांगेपलीकडे, आणि ते मैदान मुलांचं होतं. क्रिकेटचं. मुलींना त्याचा एक कोपरा दिला होता, पाण्याच्या टाकीजवळचा, तोही सकाळी, मुलं यायच्या आत. जिथून बॅट फिरवायची ती होम प्लेट अशी की टाकी डाव्या हाताला यावी, पहिला बेस एका विटेवर, आणि उजवीकडे, पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून चेंडू निघाला की सरळ जाणार तो क्रिकेटच्या पीचवर. त्या पीचवर रात्री पाणी मारलेलं असायचं, तागाची पोती अंथरलेली असायची, एखादा आजारी म्हातारा झोपवावा तशी. त्यावर कुणी स्पाइक घालून पाय ठेवायचा नाही. चेंडू आणायलासुद्धा नाही. एकदा मुलींपैकी कुणीतरी धावली त्यावरून, आणि क्रिकेटचे सर मुख्याध्यापकांकडे गेले. तेव्हापासून इंगोले सरांनी, मुलींच्या सरांनी, स्वतःचा कायदा काढला. "उजवीकडं चेंडू गेला का आउट. समजलं काय पोरीहो? आपल्याले कोपरा भेटला हेच लय झालं. उजवीकडं पाहाचंच नाही." जगातल्या कुठल्याच पुस्तकात नसलेला नियम. इंगोले सर वाईट नव्हते. घरून शेंगदाण्याचे लाडू आणायचे ते, पोरींना चपला नसल्या तर स्वतःच्या खिशातून घेऊन द्यायचे. पण त्यांना भांडायचं नव्हतं. भांडायचं नसलेल्या चांगल्या माणसांनी या जगात जेवढी वाट लावली आहे तेवढी दरोडेखोरांनीही लावली नसेल.

आणि मग मुली शिकल्या. माणूस काहीही शिकतं. पाय फिरवून उभं राहायचं, चेंडू लवकर घ्यायचा, मनगट वळवून डावीकडे ओढायचा. विभावरी सगळ्यांत चांगलं शिकली. तिचा फटका टाकीवरून जायचा, आणि टाकीवर बसलेले कावळे उडायचे, आणि तिला वाटायचं, आपण भारी. राज्याच्या निवडीला जळगावला गेली तेव्हा पहिल्यांदा तिनं खरं मैदान बघितलं. दोन्हीकडे सारखं. आखलेलं. उजवीकडे गवत, नुसतं गवत, कुणाचं नसलेलं. पहिला चेंडू तिनं डावीकडे मारला, गेला. समोरच्या मुली हुशार होत्या, एका फटक्यात त्यांनी ओळखलं, आणि सगळ्या डावीकडे सरकल्या. उजवीकडे उरली एक पोरगी, तीही नखं खात. विभावरीला दिसत होतं. बाहेर बसलेल्या तिच्या मैत्रिणी ओरडत होत्या, विभे, उजवीकडं मार, पुरं मोकळं हाय. चेंडू बाहेरून यायचा, उजवीकडे ढकलावा असाच यायचा, आणि तिचं मनगट वळायचं. पुन्हा डावीकडे. पुन्हा आउट. तिसऱ्यांदा तर तिनं मनाशी घोकलं होतं, आणि तरीही अंग वळलं. तिथं पीच नव्हतं. पोती नव्हती, सर नव्हते, अमरावतीच अडीचशे किलोमीटरवर होती. पण ती जिथं जाईल तिथं ते पीच तिच्या उजव्या बाजूला जाऊन पडत होतं.

त्या संध्याकाळी यादीत नाव नव्हतं. तिनं ते कुणाला कधी नीट सांगितलं नाही. शिरीषला लग्नाआधी एवढंच सांगितलं, मी सॉफ्टबॉल खेळायचे, आणि तो म्हणाला, वा, मग पोळ्या गोल येत असतील. तीही हसली होती.

जर्मनीवर तिचं प्रेम वगैरे काही नव्हतं. इथल्या रविवारी तिला आपण मेलोय असं वाटायचं. खालची म्हातारी जिना कुणी धुतला नाही ते काचेतून बघायची. सोळा माणसांच्या मीटिंगमध्ये तिचं आडनाव सोळा तऱ्हांनी चुकायचं. पण वर्षभरापूर्वी टीम तिच्या हातात आली, आणि त्या टीममध्ये ती 'नाही' म्हणते तेव्हा लोक लिहून घेतात. नाही, हे रिलीज जाणार नाही. नाही, पुन्हा तपासा. आणि खरंच रिलीज जात नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही, हे पुण्यातल्या कुणाला ती समजावून सांगू शकली नसती. तिथं तिला नोकरी मिळाली असती, पगार मिळाला असता, बाल्कनीसकट घर मिळालं असतं, आणि त्या घरात सगळीकडे मोकळं गवत दिसलं असतं, आणि तरीही कुठं पाय ठेवायचा नाही हे तिच्या अंगाला आपोआप कळलं असतं. सोमवार. म्हणजे परवा. परवा शिरीष होकार देणार, आणि तिनं आज मान खाली घातली तर तिचाही त्यातच धरला जाणार.

चौकोनांत माणसं परत येऊ लागली. येन्स मांजर उचलून बसला. होल्गरच्या हातात कप.

"झो, तर," तो म्हणाला. "विभा?"

तिनं माइक चालू केला. दाराच्या फटीत शिरीषची सावली होती. किसणी थांबली होती.

"सॅन फ्रान्सिस्को," ती म्हणाली. "समुद्राकाठचं."

येन्सनं भुवया वर केल्या. "बॉस्टन सोडून? अगं, तिथं होम रन मरतात. उजवीकडे मधली भिंत बघ, किती लांब गेलीये. चेंडू जातो आणि हरवतो तिथं."

"माहीत आहे. उजवीकडे मधल्या पट्ट्यात पडला की फील्डरला सापडेपर्यंत बॅटर तिसऱ्या बेसवर. मला तेच हवंय. पळणारी माणसं घेणार मी."

"हे कुणी घेत नाही," येन्स म्हणाला.

"गेनाऊ, म्हणूनच तर," ती म्हणाली.

होल्गर हसला नाही. होल्गर कामाच्या वेळी हसत नसे. "तीन सीझन," तो म्हणाला. "म्हणजे तू इथं आहेस. मी त्या दुसऱ्या माणसाला नाही म्हणून कळवतो. फेअरबिंडलिश?"

 एक शब्द. परक्या भाषेतला, मुखवट्यासारखा, मागे लपायला सोपा. तिला हेही कळत होतं की यात शौर्य अर्धंच आहे. जर्मनमध्ये जर्मनांसमोर हो म्हणणं सोपं. खरं 'नाही' भिंतीपलीकडे मराठीत म्हणायचं होतं.

"फेअरबिंडलिश," ती म्हणाली.

सावली आत आली. "विभा, काय केलंस हे?" शिरीषला पडद्यावरून सात जण बघत होते, पण त्याला भान नव्हतं. "मी तुला काय सांगितलं होतं? आता मी आईला काय सांगू? तिचा जीव लागलाय तिकडे सगळा!"

"तू नको सांगू. मी सांगते."

"तू? तू नको मधे पडू. मी बघतो, मी समजावतो तिला माझ्या पद्धतीनं."

त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर ती समजली असती. तिथं राग नव्हता, भीती होती. नवरा आईला इतका का घाबरतोय ते तिला कळेना, आणि न कळताच ती उठली. या घरात सासू-सुनेमधले निरोप तोच न्यायचा. आईला अमुक आवडत नाही. विभाला तमुक चालणार नाही. दोघींनाही ते सोयीचं होतं, एकमेकींचं तोंड बघावं लागत नव्हतं. ती त्याच्या बाजूनं वळून बाहेर गेली, मागे लॅपटॉपमधून येन्स आपलं मैदान सांगत होता.

शोभनाबाई ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. समोर किसलेल्या दुधीचा ढीग, चार जणांना लागेल त्याच्या दुप्पट.

"आई, मी पुण्याला येत नाहीये. कायमची. शिरीषला जायचं तर तो जाईल, मी आणि अन्वी इथं राहू. तुम्हाला वाईट वाटेल, मला ठाऊक आहे. पण मला नाही जमत."

त्या वळल्या. हात दुधीच्या पाण्यानं ओले. विभावरीनं रडणं अपेक्षिलं होतं, किंवा ते जीवघेणं 'बरं'. त्यांनी डोळे बारीक केले.

"येत नाहीस म्हणजे? परत यायचं तुझंच चाललं होतं ना?"

"माझं?"

"शिरीष म्हणाला. दिवाळीत तुम्ही निघालात त्याच रात्री फोन केला त्यानं. आई, विभाचं जर्मनीत मन रमत नाही, तिला तुझ्याजवळ यायचंय, पण तोंडानं म्हणायची नाही. तू नाही म्हणू नकोस, म्हणाला." त्यांनी हात पदराला पुसले, मग पुन्हा पुसले. "मी म्हटलं, सुनेला यायचंय, तर कशी नाही म्हणू? माझा पेटीचा क्लास बंद केला मी. हॉलमधला. अकरा मुली होत्या. हॉलमध्ये तुमचा सोफा लागणार ना. दोन पेट्या देऊनसुद्धा टाकल्या मी, विभा."

"मला तो म्हणाला, तुमची इच्छा आहे. तुमचा जीव लागलाय."

"माझा? हे गेल्यावर पहिल्यांदा मी माझ्या मनासारखी उठत-बसत होते." त्यांचा आवाज चढला, आणि त्यांनाच त्याचं नवल वाटल्यासारखं झालं. "आणि तू गं? तुला तोंड नव्हतं? पानावर बसून नुसती भात कालवत होतीस ती!"

"तुम्ही तरी काय बोललात? वाढत होतात नुसत्या."

"सुनेसमोर कसं म्हणू, येऊ नका म्हणून?"

"मग मी सासूसमोर कसं म्हणू?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि त्यात माया वगैरे काही नव्हती. दोघींनाही एकमेकींचा राग आला होता, खरा, ताजा, सोळा वर्षांत पहिल्यांदा मध्यस्थाशिवाय आलेला. बाहेर जिन्याचं दार आपटलं. विभावरीनं पॅसेजमध्ये डोकावून बघितलं. बेडरूम रिकामी होती. रद्दीचा खोका जागेवर नव्हता. शिरीष रद्दी घेऊन खाली गेला होता. ती मंगळवारी न्यायची असते.

"पळाला?" शोभनाबाईंनी विचारलं.

"खाली गेलाय."

"थंडी आहे. येईल." त्यांनी गॅस बंद केला. टेबलाची खुर्ची ओढली, दाराकडे तोंड करून ठेवली, आणि बसल्या. मग जरा विचार करून दुसरी खुर्ची पायानं विभावरीकडे सरकवली.

आत होल्गर तिचं नाव घेत होता, खेळाडूंची पहिली फेरी सुरू झाली होती. "थांब!" ती तिथूनच ओरडली, मराठीत. होल्गरला काय कळलं कोण जाणे, पण तो गप्प झाला. जिन्यात पावलं वाजली. मधल्या मजल्यावर थांबली, बराच वेळ. मग पुन्हा वर येऊ लागली.